व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट : ‘चॅलेंज’ कादंबरीमागील जीवन

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट (१८९२–१९६२) हिचे नाव बहुधा व्हर्जिनिया वुल्फच्या ‘ऑर्लँडो’ (१९२८) या कादंबरीची प्रेरणा म्हणून घेतले जाते. तिची स्वतःची ‘चॅलेंज’ ही कादंबरी मात्र त्या मानाने उपेक्षित राहिली. आपण स्त्री आणि पुरुष या दोघांवरही प्रेम करू शकतो, ही जाणीव ज्या काळात व्हिटाच्या मनात स्पष्ट होत गेली, त्याच काळात ही कादंबरी लिहिली गेली. त्या दृष्टीने तिच्या जीवनाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

व्हिटाचा जन्म केंट परगण्यातील नोल या वाड्यात झाला. ती आईवडिलांचे एकुलते एक अपत्य होती. परंतु स्त्री असल्यामुळे त्या वास्तूचा वारसा तिला मिळणे शक्य नव्हते. १९२८ साली वडिलांच्या मृत्यूनंतर नोल तिच्या काकांकडे गेले. आपण पुरुष असतो तर, हा विचार तिच्या लेखनात वारंवार डोकावतो, त्यामागे हेही शल्य आहे. १९१३ मध्ये हॅरॉल्ड निकोल्सन या राजनैतिक अधिकाऱ्याशी तिचा विवाह झाला. विवाहापूर्वी, हॅरॉल्डविषयी ओढ वाटत असतानाच, रोझामंड ग्रोव्हनर या मैत्रिणीशीही तिचे प्रेमसंबंध होते. हॅरॉल्डलाही पुरुषांविषयी आकर्षण होते. तरीही या दांपत्याचा परस्परस्नेह अखेरपर्यंत टिकला.

१९१८ च्या एप्रिलमध्ये व्हायोलेट केपेल या बालमैत्रिणीशी व्हिटाच्या उत्कट प्रेमसंबंधाला प्रारंभ झाला. पॅरिसमध्ये व्हिटा पुरुषवेष करून ‘ज्युलियन’ या नावाने तिच्यासह वावरली. जून १९१९ मध्ये व्हायोलेटचा विवाह डेनिस ट्रेफ्यूसिसशी झाला. पण संबंध संपला नाही. फेब्रुवारी १९२० मध्ये दोघी फ्रान्समध्ये निघून गेल्या, तेव्हा त्यांचे पती विमानाने आमिएँ येथे पोहोचले. त्यानंतर हा संबंध हळूहळू विरत गेला.

‘चॅलेंज’ याच वर्षांत सिद्ध झाली. तिच्यातील ज्युलियन म्हणजे व्हिटा आणि ईव्ह म्हणजे व्हायोलेट. दोन स्त्रियांचे प्रेम येथे ग्रीक बेटांच्या पार्श्वभूमीवरील स्त्रीपुरुषप्रेमाच्या रूपात अवतरते. ज्युलियन बेटांच्या स्वातंत्र्यासाठी झटतो. त्याचे प्रेम सर्वस्वी आपलेच असावे या हव्यासापोटी ईव्ह त्या लढ्याचा घात करते. वेषांतराने व्हिटाला निर्भयपणे लिहिता आले, हे खरे. पण त्याच वेषांतरामुळे पराक्रम ज्युलियनच्या वाट्याला आला आणि अपराध ईव्हच्या. प्रेयसीला अमर करणारी ही कादंबरी तिच्यावर दोषारोपही करते.

हे वेषांतर जाणकारांपासून लपणारे नव्हते. कुटुंबीयांच्या दबावामुळे १९२० मध्ये इंग्लंडमधील प्रकाशन मागे घेण्यात आले. कादंबरी १९२४ मध्ये अमेरिकेत निघाली. इंग्लंडमध्ये ती १९७४ साली, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, प्रसिद्ध झाली.

प्रकाशन थांबले त्याच वर्षी, जुलै १९२० मध्ये, व्हिटाने आत्मनिवेदन लिहावयास घेतले. आपल्या स्वभावाचे दुहेरी रूप तिने तेथे उघडपणे मांडले. व्हायोलेटवरील प्रेमाची कबुली देताना हॅरॉल्डवरील प्रेम तिने नाकारले नाही. तिच्या निधनानंतर कुलूपबंद बॅगेत सापडलेले हे हस्तलिखित मुलगा नायजेल निकोल्सन याने १९७३ मध्ये ‘पोर्ट्रेट ऑफ अ मॅरेज’ या ग्रंथात समाविष्ट केले.

अभ्यासकाने ही दोन लेखने शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. केवळ कादंबरी वाचणाऱ्यास रूढ प्रेमकथा दिसते. आत्मनिवेदनातील केवळ व्हायोलेट-प्रकरण पाहणाऱ्यास विवाह हा निव्वळ देखावा वाटतो. दोन्ही निष्कर्ष अपुरे आहेत. व्हिटाच्या उभयलैंगिकतेत दोन्ही प्रेमे खरी होती. कादंबरीत ज्युलियनच्या आड दडलेले हे सत्य आत्मनिवेदनात स्वतःच्या नावाने उभे राहिले. मात्र ते वाचकांपुढे येण्यास पन्नासहून अधिक वर्षे लागली.