कै. दादासाहेब फाळके

त्र्यंबकेश्वर हें आपल्या घोटीच्याच जिल्ह्यांतील तीर्थक्षेत्र सर्वांस ठाऊक आहे; परंतु भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्मही तेथेंच ३० एप्रिल १८७० रोजीं झाला, हें किती मुलांस ठाऊक असेल?

मुंबईचें जे. जे. स्कूल ऑफ आर्ट व बडोद्याचें कलाभवन येथें शिकून त्यांनीं छायाचित्रण केलें, छापखाना चालविला, जादूचे प्रयोगही केले. त्या काळीं चित्रें दाखविण्याचें साधन म्हणजे जादूचा कंदील. कल्याणच्या पटवर्धनांनीं त्यास ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव दिलें होतें. त्याची रचना साधी असे. दिव्यापुढें जाड भिंग, त्यापुढें कांचेवरील पारदर्शक चित्र, तेंही उलटें धरलेलें, आणि शेवटीं तें सुलट व मोठें करून पडद्यावर टाकणारें दुसरें भिंग. चित्रपटयंत्राचें मूळ तत्त्व हेंच. मात्र त्यांत फितीवरील चित्रें एकामागून एक क्षणभर थांबतात, आणि तीं सरकत असतां झडप प्रकाश अडविते.

१९११ सालीं मुंबईंत फाळक्यांनीं ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि आपल्या राम-कृष्णांचीं चरित्रेंही अशींच पडद्यावर यावीं, या ध्यासानें त्यांस पछाडलें. फिती मिळवून, मेणबत्तीचा उजेड भिंगांतून नेऊन, ते घरच्या भिंतीवर चित्रें पाडीत व तासन् तास निरखीत बसत. या अतिश्रमानें त्यांची दृष्टि कांहीं काळ गेली. ज्याचा सारा व्यवसाय डोळ्यांवर, त्याच्यावर केवढा हा आघात! वैद्यकीय उपचारांनीं दृष्टि परत आली. आणि या गृहस्थांनीं काय करावें? विम्याचे कागद गहाण ठेवून १९१२ सालीं लंडन गांठलें व तेथून कॅमेरा आणला.

धनिकांची खात्री पटविण्यासाठीं त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून एक लहानसा चित्रपट केला. कोऱ्या फितीला कडेनें भोंकें पाडण्याचें काम अंधारांत बसून पत्नी सरस्वतीबाई करीत. दागिनेही त्यांनींच दिले. चरित्रकार या बाईंस एका ओळींत आटोपतात, तें मला न्याय्य वाटत नाहीं.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत लोकांपुढें आला. पुढें फाळक्यांनीं नाशकास बिऱ्हाड हलविलें व तेथें अनेक चित्रपट काढले. १९३१ नंतर बोलपटांचा काळ आला. ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकच बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं, हलाखीच्या स्थितींत, नाशिक येथें त्यांचें देहावसान झालें.