चार इंजिनांची गाडी ६५४ च्या स्पीडने पळवली, पण शाफ्ट तुटला आणि वर्ल्ड रेकॉर्ड हुकला

तारीख ९ सप्टेंबर १९६०. अमेरिकेच्या युटा राज्यातलं बॉनव्हिल. आपल्याकडच्या कच्छच्या रणासारखं नजर जाईल तिथवर नुसतं पांढरं मीठ. त्या मिठावरून एक निळी, लांबुळकी गाडी सुटली आणि ताशी ४०६.६० मैलांचा स्पीड नोंदवून गेली. आपल्या हिशोबात साधारण ६५४ किलोमीटर. प्रवासी विमान याच्या निम्म्या स्पीडला जमीन सोडतं, ही गाडी मात्र चाकांवरच होती.

गाडी चालवणाऱ्याचं नाव मिकी थॉम्पसन. ताशी ४०० मैलांच्या पुढे गेलेला तो पहिला अमेरिकन. तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड ब्रिटनच्या जॉन कॉबच्या नावावर होता, १९४७ पासून, ताशी ३९४ मैलांचा. म्हणजे मिकीने तो मोडला?

नाही. नियम असा आहे की गाडी एका दिशेने पळवायची आणि तासाभराच्या आत तिथूनच उलट्या दिशेने पळवायची. दोन्हींची सरासरी काढतात, म्हणजे वाऱ्याचा किंवा उताराचा फायदा कुणाला मिळत नाही. मिकी परत निघाला आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा शाफ्ट तुटला. दुसरी फेरी नाही, तर रेकॉर्डही नाही.

आता हा गडी होता तरी कोण?

खरं नाव मॅरियन ली थॉम्पसन. जन्म ७ डिसेंबर १९२८ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्हांब्रा गावचा. घरचा पैसा नाही, इंजिनिअरिंगची डिग्री नाही. विशीत लॉस एंजेलिस टाइम्सच्या छापखान्यात मशीनवर कामाला होता, आणि उरलेला वेळ गाड्यांना. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या पोरांना एक वेड लागलं होतं. जुनी गाडी स्वस्तात घ्यायची, अनावश्यक पत्रा काढून टाकायचा, दमदार इंजिन बसवायचं आणि रात्री रस्त्यावर रेस लावायची. याच रेसमधून पुढे ड्रॅग रेसिंग आलं. दोन गाड्या शेजारी उभ्या, सरळ रस्ता, अंतर पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. जो आधी पोचेल तो जिंकला.

ऐकायला सोपं आहे. पण इंजिनं तगडी होत गेली आणि टायर मागे पडले. ॲक्सिलरेटर दाबला की मागची चाकं जागेवरच गरगर फिरायची, धूर निघायचा आणि गाडी हलायची नाही. मिकीने १९५४ मध्ये यावर जुगाड काढला. ड्रायव्हरची सीट उचलून थेट मागच्या ॲक्सलच्याही मागे नेली. वजन मागच्या टायरांवर आलं, ग्रिप वाढली. गलोलीच्या चामड्यात दगड बसतो तसा ड्रायव्हर बसायचा, म्हणून अशा गाड्यांना नाव पडलं स्लिंगशॉट. तशी पहिली गाडी बनवण्याचं श्रेय मिकीला देतात. १९५५ मध्ये कॅन्ससमधल्या पहिल्या नॅशनल्समध्ये ही गाडी उतरली आणि तिथे काही तिचा टिकाव लागला नाही. पण तो सीझन संपेपर्यंत तिने ताशी १५१ मैल गाठले होते. पुढची कित्येक वर्षं ड्रॅग रेसिंगच्या सगळ्यात वेगवान गाड्या याच रचनेच्या होत्या.

त्याच वर्षी लाँग बीचजवळ लायन्स ड्रॅग स्ट्रिप सुरू झाली. तिथल्या लायन्स क्लबांनी त्यासाठी हातभार लावला. उद्देश एकच होता, पोरं रस्त्यावर रेस लावून मरू नयेत, त्यांना हक्काची जागा मिळावी. पहिला मॅनेजर झाला मिकी.

बॉनव्हिलची ती गाडी, चॅलेंजर, त्याने एल मॉन्टेमधल्या गॅरेजमध्ये उभी केली. आत पॉन्टिॲक कंपनीची चार व्ही-एट इंजिनं होती, दोन पुढची चाकं ओढायला आणि दोन मागची. गंमत म्हणजे हे मूळचं साध्या गाड्यांचं इंजिन. कॉबच्या गाडीला विमानाची इंजिनं होती. पुढे १९६५ मध्ये समर्स बंधूंनी गोल्डनरॉड नावाच्या गाडीत अशीच चार इंजिनं बसवली आणि ४०९ मैलांचा अधिकृत रेकॉर्ड नेला. आयडिया चुकीची नव्हती, एवढं त्यावरून कळतं.

मिकीचं डोकं मात्र टायरवरच अडकलेलं होतं. १९६३ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने टायरची कंपनी काढली, ते टायर आजही विकले जातात. त्याच वर्षी इंडियानापोलिस ५०० या मोठ्या रेसमध्ये त्याने बुटक्या, रुंद, अवघ्या १२ इंची चाकांच्या गाड्या उतरवल्या. लोकांनी त्यांना रोलर स्केट म्हणून चिडवलं. पण आयोजकांनी पुढच्या वर्षी लहान चाकांवर बंदी आणली. त्यामुळे १२ इंचांसाठी बनवलेल्या गाड्यांना १५ इंची चाकं लावायची वेळ आली.

आणि इथे या गोष्टीतलं सगळ्यात काळं पान येतं.

३० मे १९६४. मिकीची गाडी डेव्ह मॅकडोनल्ड चालवत होता. दुसऱ्याच फेरीत गाडीचा ताबा सुटला, ती आतल्या भिंतीवर आदळली, पेट घेतला आणि जळत ट्रॅकवर आली. मागून येणारा एडी सॅक्स थेट तिच्यावर धडकला. मॅकडोनल्ड आणि सॅक्स दोघंही गेले. मिकीच्या गाड्या नीट वळत नाहीत, ही कुजबुज आधीपासून होती. त्यानंतर नियम बदलले आणि या रेसमधल्या गाड्या पेट्रोल सोडून मिथेनॉलकडे वळल्या. मिकीच्या धाडसाचं कौतुक करताना हे पान उलटून पुढे जाणं बरोबर नाही. नवं काहीतरी करून बघायची त्याची घाई होती आणि त्या गाडीत बसलेला माणूस दुसराच होता.

ड्रॅग रेसिंग त्याने सोडलं नाही. १९६९ मध्ये त्याची मस्टँग फनी कार डॅनी ओंगाईसने चालवली आणि स्प्रिंगनॅशनल्स आणि यूएस नॅशनल्स दोन्ही मारले. त्याआधी १९६८ मध्ये त्याने चॅलेंजर २ बनवली होती, दोन फोर्ड इंजिनांची. पण पावसाने बॉनव्हिलच्या मिठावर पाणी साचलं, मग फोर्डने पैसे काढून घेतले. गाडी गोडाऊनमध्ये गेली.

पुढे तो वाळवंटातल्या ऑफ-रोड रेसमध्ये उतरला, १९७३ मध्ये स्कोर ही संस्था काढली आणि नंतर त्या रेस थेट स्टेडियममध्ये आणल्या. याच धंद्यात मायकेल गुडविन नावाचा भागीदार मिळाला. भागीदारी फिसकटली, कोर्टकचेऱ्या झाल्या, मिकी जिंकला. गुडविनने त्याला पाच लाख डॉलरहून जास्त द्यावेत असा निकाल लागला.

१६ मार्च १९८८ च्या सकाळी ब्रॅडबरीतल्या घरातून मिकी आणि त्याची बायको ट्रूडी कामावर निघाले होते. दारातच दोघांना गोळ्या घातल्या गेल्या. मारेकरी सायकलवरून पळाले आणि ते आजवर सापडलेले नाहीत. मिकीची बहीण कॉलिन कॅम्पबेल केस सोडायला तयार नव्हती. अखेर जानेवारी २००७ मध्ये, जवळपास १९ वर्षांनी, खून घडवून आणल्याबद्दल गुडविनला दोषी ठरवलं गेलं आणि जन्मठेप झाली. आपण निर्दोष आहोत, असंच तो सांगत राहिला.

आता गोडाऊनमधल्या गाडीचं. १९८८ च्या सुरुवातीला मिकी आणि त्याचा मुलगा डॅनी यांनी चॅलेंजर २ पुन्हा बाहेर काढायचं ठरवलं होतं. काही आठवड्यांत खून झाला आणि गाडी तशीच पडून राहिली. कित्येक वर्षांनी डॅनीने ती उघडली, इंजिनं बदलली, बापाने बनवलेला मूळचा सांगाडा ठेवला. ऑगस्ट २०१८ मध्ये, बनल्यानंतर ५० वर्षांनी, ती बॉनव्हिलच्या मिठावर धावली. ड्रायव्हरच्या सीटवर डॅनी, वय साठीच्या पुढे. तो गेला आणि या वेळी परतही आला. दोन फेऱ्यांची सरासरी निघाली ताशी ४४८.७५७ मैल, म्हणजे ७२२ किलोमीटर.