खालून डोकावणारी रेघ

मायकेलअँजेलो म्हटलं की आपल्याला डेव्हिडचा पुतळा आठवतो, नाहीतर सिस्टीन चॅपेलचं छत. मला तो जवळचा वाटतो त्याच्या म्हातारपणातल्या रेखाटनांमुळे. साधा काळा खडू, क्रुसावरचा ख्रिस्त, खाली मरिया आणि योहान.

1475 मध्ये तो इटलीतल्या कॅप्रेसे गावी जन्मला. सहा वर्षांचा असताना आई गेली. पाथरवटाच्या घरी दूध पिऊन वाढलेल्या या पोराने पंचविशीच्या आतच संगमरवरातून मृत येशूला मांडीवर घेतलेली मरिया घडवली. मग डेव्हिड, मग 1508 ते 1512 परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून रंगवलेलं ते छत. त्याचा हात चुकतच नाही, असं लोकांना वाटू लागलं.

साठी उलटल्यावर व्हित्तोरिया कोलोन्ना या कवयित्रीशी त्याची मैत्री जमली. तिच्यासाठी त्याने क्रुसावरचा ख्रिस्त रेखाटला : जिवंत, वर पाहणारा, एकेक स्नायू घोटून काढलेला. 1547 मध्ये ती वारली. पुढे वर्षानुवर्षं सोबत राहिलेला नोकर ऊर्बिनोही गेला. सेंट पीटर्सच्या बांधकामाची जबाबदारी अंगावर होती; त्याचा पगार मात्र तो घेत नव्हता.

या एकट्या वर्षांत तो पुन्हा क्रुसाकडे वळला. आता ख्रिस्ताची मान खाली झुकलेली. एका दंडासाठी तीन-तीन, चार-चार रेघा. कुठे जुनी रेघ पांढऱ्या रंगाने झाकलीय, तरी ती खालून डोकावतेच. हात थरथरत असेल, वय झालं होतं हो. पण मला वाटतं, तेवढंच कारण नाही. हाच म्हातारा मरणाआधी काही दिवसांपर्यंत छिन्नी चालवत होता. ही चित्रं कुणाला देण्यासाठी केलेली दिसत नाहीत. तो प्रसंग त्याला नीट कळेपर्यंत तो रेघ ओढत राहिला, असं ती पाहताना वाटतं.

शेवटी शेवटी त्याने आपली पुष्कळ रेखाटनं जाळून टाकली. वासारी लिहितो, आपली धडपड लोकांना दिसू नये म्हणून. त्यातून ही थोडी वाचली, आणि नेमकी धडपडच दाखवतात. मी त्यांच्यापुढे बसले की परिपूर्णतेचा धाक वाटत नाही. पुन्हा एक रेघ ओढून पाहावीशी वाटते.

18 फेब्रुवारी 1564 रोजी रोममध्ये तो वारला, वयाच्या 88 व्या वर्षी. पुतण्याने देह फ्लॉरेन्सला नेला. तिथे ज्या चर्चमध्ये त्याला पुरलं, त्याचं नाव सांता क्रोचे, म्हणजे पवित्र क्रूस.