तीन गाड्यांचे सुटे भाग एकत्र मिसळले, तरी तिन्ही गाड्या धावल्या : हेन्री लेलँड यांची गोष्ट

1908 सालचा मार्च महिना. लंडनजवळच्या ब्रुकलँड्स या रेसिंग ट्रॅकवरच्या शेडमध्ये तीन मोटारी पार खोलून ठेवल्या होत्या. नट, बोल्ट, पिस्टन, गिअर, चाकं, सगळं सुटं. एका गाडीचे 721 भाग, म्हणजे तिन्ही गाड्यांचे मिळून दोन हजारांहून जास्त. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या अधिकाऱ्यांनी हे सगळे भाग एकमेकांत मिसळून टाकले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ढिगातले 89 भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याकडच्या साठ्यातले नवे भाग टाकले.

मग दोन मेकॅनिकना सांगण्यात आलं की या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या करा. हातात फक्त पाने आणि स्क्रूड्रायव्हर. कानस वापरायची नाही, भाग घासायचा नाही, ठोकायचा नाही.

काही दिवसांत तिन्ही गाड्या तयार झाल्या. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र आल्यामुळे त्या रंगीबेरंगी दिसत होत्या, पण सुरू झाल्या. त्याच ट्रॅकवर त्या प्रत्येकी 500 मैल धावल्या. गाड्या अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीच्या होत्या आणि त्या बनवणाऱ्या माणसाचं नाव होतं हेन्री मार्टिन लेलँड. (आपल्याकडच्या अशोक लेलँडशी या नावाचा संबंध नाही. ते नाव इंग्लंडमधल्या लेलँड गावावरून आलंय.)

आज एखादा स्पेअर पार्ट आणला की तो गाडीला बसणारच, हे आपण गृहीत धरतो. मग तेव्हा या चाचणीचं एवढं अप्रूप का वाटलं?

प्रत्येक गाडी वेगळी

त्या काळातली मोटार कुशल फिटरच्या हातातून तयार व्हायची. लेथवरून आलेला भाग साधारण मापाचा असे. तो शेजारच्या भागात बसत नसेल तर फिटर कानस मारून, घासून बसवत असे. गाडी उत्तम चालायची, पण तिचा पिस्टन फक्त तिच्याच सिलिंडरमध्ये बसायचा. एक भाग मोडला तर नवा भाग आणून पुन्हा घासाघीस ठरलेली. मालकालाही ताप आणि कारखान्यालाही. कारण जोडणीच्या जागी जाणारा बराचसा वेळ जोडण्यात जातच नव्हता, तो दुरुस्तीत जात होता.

साधा हिशोब करून पाहा. शंभरात एकच भाग चुकीच्या मापाचा निघतोय, असं धरलं तरी 721 भागांच्या गाडीत सरासरी सात भाग अडणार. म्हणजे प्रत्येक गाडी सात ठिकाणी थांबणार. भाग बनवतानाची छोटी चूक जोडणीच्या वेळी मोठी होऊन समोर येते. ही गोष्ट लेलँड मोटारी बनवायला लागण्याच्या खूप आधी शिकले होते आणि तेही बंदुकीच्या कारखान्यात.

बंदूक, शिलाई मशीन आणि केस कापायचं यंत्र

लेलँड यांचा जन्म 1843 साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहान वयातच ते वूस्टर शहरातल्या एका मागाच्या कारखान्यात उमेदवारी करू लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात कामाला होते.

युद्धात बंदुकीचा एखादा भाग मोडला तर फिटर शोधायला वेळ नसतो. दुसऱ्या बंदुकीतला तोच भाग काढून लगेच बसवता आला पाहिजे. त्यासाठी स्प्रिंगफील्डमध्ये प्रत्येक भाग ठरावीक गेजवर तपासला जायचा. युद्धानंतर लेलँड यांनी कोल्ट या प्रसिद्ध बंदूक कंपनीतही काम केलं.

1872 मध्ये ते ऱ्होड आयलंडमधल्या ब्राउन अँड शार्प कंपनीत गेले आणि तिथे जवळपास 18 वर्षं राहिले. मायक्रोमीटर आणि मशीन टूल्ससाठी ही कंपनी नावाजलेली होती. तिथे शिलाई मशीन बनवणारा विभाग लेलँड यांच्या हाताखाली होता. न्हाव्याच्या दुकानातल्या हाताने चालवायच्या केस कापण्याच्या मशीनचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं.

बंदूक असो की शिलाई मशीन, धडा तोच होता. माप कारागिराच्या अंदाजावर सोडायचं नाही.

डेट्रॉइटमध्ये नवी सुरुवात

1890 मध्ये, वयाच्या 47 व्या वर्षी, लेलँड यांनी डेट्रॉइटमध्ये स्वतःचा कारखाना काढला. भांडवल होतं लाकडाच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या रॉबर्ट फॉल्कनर यांचं. पुढे हा कारखाना लेलँड अँड फॉल्कनर या नावाने ओळखला जाऊ लागला. मुलगा विल्फ्रेडही सोबत होता.

सुरुवातीला काम सुट्या भागांचंच होतं. तेव्हा बिनसाखळीच्या सायकलींची लाट आली होती. त्यात साखळीऐवजी गिअर असत आणि गिअरचे दाते जरा वेडेवाकडे असले की सायकल जड चाले, खडखड करे. लेलँड यांनी गिअर आधी कडक करून मग ग्राइंडिंग करायला सुरुवात केली. कडक करताना धातू किंचित वाकतो, त्यामुळे शेवटचं माप त्यानंतरच द्यायला हवं, हे त्यामागचं कारण होतं.

1901 मध्ये रॅन्सम ओल्ड्स यांच्या मोटार कंपनीकडून इंजिनांची मोठी ऑर्डर आली. डिझाइन ओल्ड्स यांचंच होतं. पण लेलँड यांच्या कारखान्यात बनलेलं इंजिन, त्याच डिझाइनच्या दुसरीकडे बनलेल्या इंजिनापेक्षा जास्त ताकद द्यायचं. भाग नेमक्या मापाचे असल्याने घर्षणात वाया जाणारी शक्ती वाचत होती.

लेलँड यांनी त्यात आणखी सुधारणा करून सुमारे 10 अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं. ओल्ड्स कंपनीने ते घेतलं नाही. गाड्या हातोहात खपत होत्या, त्यात नवं इंजिन बसवायचं तर उत्पादन थांबवावं लागलं असतं. इंजिन लेलँड यांच्याकडे पडून राहिलं.

फोर्ड बाहेर, कॅडिलॅक सुरू

1902 मध्ये हेन्री फोर्ड कंपनी नावाची एक कंपनी अडचणीत आली. भागीदारांशी न पटल्याने खुद्द फोर्ड बाहेर पडले होते. उरलेल्या भागीदारांना कारखाना विकून मोकळं व्हायचं होतं. यंत्रसामग्रीची किंमत किती येईल हे सांगण्यासाठी त्यांनी लेलँड यांना बोलावलं.

लेलँड यांनी किंमत तर काढलीच, पण सल्ला वेगळा दिला. कारखाना विकू नका, माझ्याकडे इंजिन आहे, त्यावर गाडी काढा. भागीदारांना ते पटलं. डेट्रॉइट शहर वसवणाऱ्या फ्रेंच माणसाच्या नावावरून नव्या कंपनीचं नाव ठेवलं कॅडिलॅक. 1905 मध्ये लेलँड यांचा कारखाना आणि कॅडिलॅक एक झाले आणि कारभार लेलँड बापलेकांच्या हाती आला.

गेज, आणि गेज तपासणारे ठोकळे

लेलँड यांनी कॅडिलॅकमध्ये नेमकं केलं काय?

पहिली गोष्ट म्हणजे टॉलरन्स, म्हणजे चूक किती चालेल याची लेखी मर्यादा. कुठलाही भाग शंभर टक्के अचूक बनत नाही. म्हणून मापाची वरची आणि खालची हद्द ठरवायची. महत्त्वाच्या भागांसाठी ही हद्द इंचाच्या हजाराव्या भागात मोजली जायची. इंचाचा हजारावा भाग म्हणजे वहीच्या साध्या कागदाच्या जाडीच्या साधारण पाव.

दुसरी गोष्ट म्हणजे गो, नो-गो गेज. याला दोन टोकं असतात. भोक तपासायचं असेल तर एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. दोन्ही गेली तर भोक मोठं, एकही गेलं नाही तर लहान. मशीनवरचा कामगार काही सेकंदांत फैसला करू शकतो, मोजदाद करत बसावं लागत नाही. भोसरी, चाकण किंवा वाळूजमधल्या पार्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे गेज आजही रोजच्या वापरात आहेत.

पण वापरून वापरून गेजच झिजलं तर? तर चुकीचे भाग बरोबर म्हणून पास होत राहतील. यावर उत्तर होतं स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी बनवलेल्या पोलादी ठोकळ्यांमध्ये. हे ठोकळे इतके सपाट असतात की एकमेकांवर सरकवून दाबले की चिकटून बसतात आणि हवं ते माप तयार होतं. आपल्याकडे आयटीआयची मुलं त्यांना स्लिप गेज म्हणून ओळखतात. अमेरिकेतल्या मोटार उद्योगात हे ठोकळे सर्वांत आधी आणणाऱ्यांत लेलँड होते. भाग गेजवर तपासायचा आणि गेज ठोकळ्यांवर, अशी साखळी तयार झाली.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. ही शिस्त बाहेरून माल देणाऱ्यांनाही लावायची. आल्फ्रेड स्लोन हे तेव्हा हयात नावाच्या रोलर बेअरिंग कंपनीचे तरुण प्रमुख होते. त्यांचा माल कॅडिलॅकमध्ये रिजेक्ट झाला. पांढऱ्या दाढीतल्या लेलँड यांनी त्यांना समोर बसवून मायक्रोमीटर हातात घेतला आणि एकेका बेअरिंगच्या मापातला फरक दाखवला. एक नमुना अचूक असून चालणार नाही, हजारो बेअरिंग तशीच हवीत, हे त्यांनी बजावलं. स्लोन यांनी हा प्रसंग पुढे आपल्या आठवणींत सांगितला आहे. मोठ्या प्रमाणावर उत्पादन म्हणजे काय हे आपल्याला तेव्हा खऱ्या अर्थाने कळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. हेच स्लोन नंतर जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले.

ब्रुकलँड्सच्या शेडमध्ये कानशीची गरज पडली नाही, ती या तीन गोष्टींमुळे. त्या चाचणीसाठी कॅडिलॅकला ड्यूअर ट्रॉफी मिळाली. हा मान मिळवणारी ती पहिली अमेरिकन मोटार कंपनी होती.

सेल्फ स्टार्टर आणि जनरल मोटर्स

1909 मध्ये जनरल मोटर्सने कॅडिलॅक विकत घेतली, पण कारभार लेलँड यांच्याकडेच ठेवला. तेव्हा गाडी सुरू करायला पुढे हँडल मारावं लागायचं. ते उलटं फिरलं की हात मोडायचा. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर आला आणि कंपनीला दुसऱ्यांदा ड्यूअर ट्रॉफी मिळाली. पुढे 1914 मध्ये आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन आलं.

पहिल्या महायुद्धाच्या वेळी जनरल मोटर्सच्या वरिष्ठांशी मतभेद झाले आणि 1917 मध्ये लेलँड बापलेक बाहेर पडले. लेलँड तेव्हा 74 वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी पुन्हा नवी कंपनी काढली, लिंकन. 1864 मध्ये आयुष्यातलं पहिलं मत त्यांनी अब्राहम लिंकन यांना दिलं होतं, म्हणून हे नाव. या कंपनीने विमानांची सुमारे 6,500 लिबर्टी इंजिनं बनवली.

अचूकता असूनही कंपनी बुडाली

युद्ध संपल्यावर लिंकन मोटार बनवू लागली. 1920 मध्ये गाडी जाहीर झाली तेव्हा ऑर्डर चांगल्या होत्या. पण मनासारखे भाग तयार होईपर्यंत लेलँड गाडी बाहेर सोडायला तयार नव्हते. वेळ गेला, खर्च वाढला. नेमकी तेव्हाच अमेरिकेत मंदी आली. इंजिन अव्वल होतं, पण गाडीचं रूप जुनाट वाटायचं आणि महागडी गाडी घेणारा गिऱ्हाईक आधी रूपच बघतो. त्यात सरकारने युद्धकाळातल्या नफ्यावर मोठा कर मागितला.

फेब्रुवारी 1922 मध्ये कंपनी लिलावात निघाली. 80 लाख डॉलरला ती घेतली हेन्री फोर्ड यांनी. वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या सोडलेल्या कारखान्यातून लेलँड यांनी कॅडिलॅक उभी केली, त्याच फोर्ड यांच्या हाताखाली आता लेलँड होते. हे जमणं कठीणच होतं. काही महिन्यांतच, जूनमध्ये, लेलँड बापलेकांना आपल्याच कारखान्यातून बाहेर पडावं लागलं.

लेलँड यांच्या आयुष्यातले हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की एक गोष्ट स्पष्ट होते. कॅडिलॅकमध्ये अचूकतेने वेळ वाचवला, कारण चूक मशीनवरच पकडली जायची आणि जोडणीला अडथळा उरत नव्हता. लिंकनमध्ये त्याच आग्रहापायी गाडी वेळेत गिऱ्हाइकापर्यंत पोचली नाही. दोष कमी करायचे ते काम अडू नये म्हणून. काम अडवून दोष शोधत बसलं की हिशोब उलटतो.

लेलँड 26 मार्च 1932 रोजी डेट्रॉइटमध्ये वारले. ते 89 वर्षांचे होते. त्यांनी उभ्या केलेल्या दोन्ही कंपन्यांची नावं आजही रस्त्यावर दिसतात. कॅडिलॅक जनरल मोटर्सकडे आहे आणि लिंकन फोर्डकडे.