एला फिट्झजेराल्ड

एला जेन फिट्झजेराल्ड (२५ एप्रिल १९१७ – १५ जून १९९६) या विसाव्या शतकातील एक प्रमुख अमेरिकन जॅझ गायिका होत्या. सुमारे तीन सप्तकांचा स्वरपट्टा, स्वच्छ शब्दोच्चार आणि स्कॅट गायनावरील प्रभुत्व यांसाठी त्या ओळखल्या जातात. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील अपोलो थिएटरमध्ये २१ नोव्हेंबर १९३४ रोजी झालेल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेतून त्या प्रथम लोकांसमोर आल्या. स्पर्धा त्यांनी जिंकली, परंतु बक्षिसाचा महत्त्वाचा भाग त्यांच्या हाती पडला नाही.

बालपण

एला यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील न्यूपोर्ट न्यूज येथे झाला. जुन्या संदर्भग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १९१८ असे आढळते, ते चुकीचे आहे. आई-वडील लवकरच विभक्त झाले आणि आई टेम्परन्स ही मुलीला घेऊन न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावी राहू लागली. तेथे एला यांना नृत्याचे वेड लागले. घरी ध्वनिमुद्रिका ऐकताना कॉनी बॉसवेल या गायिकेचे गाणे त्यांना विशेष आवडे आणि त्या तिची नक्कल करीत.

१९३२ मध्ये आईचे निधन झाले. त्यानंतर एला यांची शाळा सुटली. त्यांना आधी अनाथालयात आणि पुढे हडसन येथील मुलींच्या सरकारी सुधारगृहात ठेवण्यात आले. या सुधारगृहात कृष्णवर्णीय मुलींना वेगळे ठेवले जाई. एला तेथून पळाल्या आणि हार्लेमच्या रस्त्यांवर मिळेल ते काम करून, नाचून पैसे मिळवत दिवस काढू लागल्या. प्रसिद्धी मिळाल्यावर या काळाविषयी त्या जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत.

अपोलो थिएटरमधील स्पर्धा

अपोलो थिएटरमध्ये दर बुधवारी रात्री हौशी कलाकारांची स्पर्धा होत असे. ती केवळ जॅझ गायकांसाठी नव्हती. नर्तक, विनोदकार, वादक असे कोणीही तीत उतरू शके. निकाल प्रेक्षकांच्या टाळ्यांवर ठरे. हे प्रेक्षक कठोर म्हणून प्रसिद्ध होते. कला पसंत पडली नाही तर ते आरडाओरडा करीत आणि स्पर्धकाला मध्येच रंगमंचावरून जावे लागे.

१७ वर्षांच्या एला यांनी नाव दिले होते ते नृत्यासाठी. मात्र त्यांच्या आधी एडवर्ड्स भगिनींचे नृत्य झाले आणि ते इतके रंगले, की त्यापुढे आपला निभाव लागणार नाही असे त्यांना वाटले. ऐनवेळी त्यांनी गाण्याचे ठरविले. अंगावर मळकट, जुने कपडे होते आणि सुरुवातीला प्रेक्षकांनी कुजबुज व थट्टा केली. त्यांनी बॉसवेल यांच्या शैलीत दोन गाणी म्हटली आणि २५ डॉलरचे पहिले बक्षीस मिळविले.

विजेत्यास थिएटरमध्ये आठवडाभर गाण्याची संधी मिळत असे. एला यांना ती देण्यात आली नाही. त्यांचा अव्यवस्थित अवतार हे त्याचे कारण असल्याचे सांगितले जाते. बेघर मुलीच्या दृष्टीने २५ डॉलरपेक्षा हा आठवडा कितीतरी मोलाचा होता, कारण त्यात नियमित कामाची शक्यता होती. जानेवारी १९३५ मध्ये त्यांना हार्लेम ऑपेरा हाऊस येथे टायनी ब्रॅडशॉ यांच्या वाद्यवृंदाबरोबर आठवडाभर गाण्याची संधी लाभली.

याच अपोलो स्पर्धेत १९४२ मध्ये सारा व्हॉन विजयी झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या अपोलोच्या रंगमंचावर परतल्या, तेव्हा मुख्य कार्यक्रम एला फिट्झजेराल्ड यांचा होता आणि व्हॉन त्यांच्या आधी गायल्या.

चिक वेब यांचा वाद्यवृंद

ड्रमवादक चिक वेब यांना गायिकेची गरज होती, पण एला यांचे रूप पाहून त्यांनी आढेवेढे घेतले. येल विद्यापीठातील एका नृत्यसमारंभात एला यांची परीक्षा घेण्यात आली. विद्यार्थ्यांना गाणे आवडले आणि त्यांची नेमणूक पक्की झाली. वेब स्वतः मणक्याच्या क्षयामुळे कुबड आलेले, ठेंगणे गृहस्थ होते. दिसण्यावरून होणारी पारख त्यांना अपरिचित नसावी. हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृहात हा वाद्यवृंद नियमित वाजत असे. १९३८ मध्ये एका बालगीतावर बेतलेले ‘अ-टिस्केट, अ-टास्केट’ हे गाणे अफाट लोकप्रिय झाले. ते रचण्यात एला यांचाही वाटा होता. १९३९ मध्ये वेब यांचे निधन झाल्यावर वाद्यवृंद एला यांच्या नावाने चालू राहिला. १९४२ पासून त्या स्वतंत्रपणे गाऊ लागल्या.

स्कॅट गायन आणि गीतसंग्रह

१९४० च्या दशकात डिझी गिलेस्पी यांच्या सहवासात त्यांनी बीबॉप शैली आत्मसात केली. स्कॅटमध्ये गायक अर्थहीन अक्षरांच्या आधारे उत्स्फूर्त स्वरविस्तार करतो. मराठी श्रोत्याला येथे तराण्याची आठवण होईल. मात्र स्कॅटचा आदर्श सॅक्सोफोन, ट्रम्पेट यांसारख्या वाद्यांचा आलाप हा असतो. १९६० च्या बर्लिन येथील मैफलीत ‘मॅक द नाइफ’चे शब्द विसरल्यावर त्यांनी जागच्या जागी नवे शब्द रचून गाणे पूर्ण केले. या ध्वनिमुद्रणास ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

व्यवस्थापक नॉर्मन ग्रँझ यांनी १९५६ मध्ये व्हर्व्ह ही कंपनी स्थापन केली. तिच्यासाठी एला यांनी १९५६ ते १९६४ या काळात कोल पोर्टर, ड्यूक एलिंग्टन, गर्श्विन बंधू आदींच्या रचनांचे आठ गीतसंग्रह ध्वनिमुद्रित केले. श्वेत आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसविण्यास ग्रँझ यांचा विरोध होता. १९५५ मध्ये ह्यूस्टन येथे अशाच एका कार्यक्रमाच्या वेळी पोलिसांनी रंगमंचामागे शिरून एला यांच्यासह काही कलाकारांना अटक केली होती.

वैयक्तिक जीवन व अखेर

बासवादक रे ब्राउन यांच्याशी त्यांचा विवाह १९४७ मध्ये झाला. पुढे दोघे विभक्त झाले. त्यांनी सावत्र बहिणीचा मुलगा दत्तक घेतला होता. १९८७ मध्ये त्यांना राष्ट्रीय कला पदक व १९९२ मध्ये अध्यक्षीय स्वातंत्र्य पदक देण्यात आले. मधुमेहामुळे त्यांची दृष्टी मंदावली आणि १९९३ मध्ये दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. बेव्हर्ली हिल्स येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले.