कर्नल ड्रेकचा पाइप

आपल्या १९७६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या व्यवसायातल्या एका मोठ्या माणसाविषयी लिहावं, असं संपादक मंडळाने ठरवलं. डॉक्टर मंडळींना आणि वकिलांना निवड सोपी गेली असेल. मी ३१ वर्षं समुद्रात तेलविहिरी खोदण्याच्या कामात काढली. चौदा दिवस रिगवर, चौदा दिवस मुलुंडला घरी, आणि मध्ये जुहूहून हेलिकॉप्टर. आमच्या व्यवसायात विद्वान पुष्कळ झाले, श्रीमंत त्याहून जास्त झाले. मी निवडलेला माणूस दोन्ही नव्हता. एडविन ड्रेक हा प्रकृतीमुळे नोकरी सुटलेला एक रेल्वे कंडक्टर होता. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील मध्य रेल्वेत होते, तेव्हा त्याच्याशी ओळख व्हायला तुम्हाला वेळ लागणार नाही.

त्याचा जन्म २९ मार्च १८१९ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीनव्हिलचा. घर शेतकऱ्याचं, शिक्षण गावातल्या शाळेपुरतं. विशीच्या आत घर सोडलं आणि पुढे मिळेल ते काम केलं: बोटीवर रात्रपाळीचा कारकून, हॉटेलात कारकून, कापडाच्या दुकानात गुमास्ता. शेवटी न्यूयॉर्क ते न्यू हेवन या रेल्वेत कंडक्टर झाला. तिकडचा कंडक्टर म्हणजे आपल्याकडचा गार्ड आणि टीसी एकाच कोटात. पहिली बायको बाळंतपणात गेली. १८५७ मध्ये दुसरं लग्न झालं आणि त्याच वर्षी दुखण्यापायी नोकरी सोडावी लागली. वय ३८.

न्यू हेवनच्या ज्या हॉटेलात तो राहत होता, तिथेच जेम्स टाउनसेंड नावाचा एक बँकर उतरलेला असे. या बँकरने आणि जॉर्ज बिसेल या वकिलाने मिळून एक कंपनी काढली होती. पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल या खेड्यापाशी ओढ्याच्या पाण्यावर तेलाचा तवंग येत असे. लोक तो घोंगडीने टिपून औषध म्हणून वापरत. येल विद्यापीठाच्या सिलिमन या रसायनशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये अहवाल दिला होता की या तेलाचं ऊर्ध्वपातन केलं तर दिव्याला उत्तम तेल मिळेल. तेव्हा चांगला दिवा जळायचा तो देवमाशाच्या महागड्या तेलावर. म्हणजे मागणी होती आणि माल कुठे आहे तेही माहीत होतं. घोंगडी पिळून मात्र कंपनी चालत नाही. कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं होतं. ड्रेकने आपली २०० डॉलरची शिल्लक या कंपनीत गुंतवलेली होती, त्याच्याकडे रिकामा वेळ होता, आणि नोकरी सुटली तरी रेल्वेचा पास हातात होता. जाण्यायेण्याचा खर्च शून्य! जगातल्या तेलधंद्याची सुरुवात करणाऱ्या माणसाची निवड अशी झाली. माझे वडील टीसी होते आणि वर्षाच्या पासाभोवती आमच्या घरात केवढे बेत रचले जात ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे हा तपशील मला फार आवडतो.

टाउनसेंडने आणखी एक गंमत केली. खेड्यातल्या लोकांनी पाहुण्याला मान द्यावा म्हणून ड्रेक पोचण्याआधीच त्याच्या नावाची पत्रं तिथे धाडली आणि लिफाफ्यावर नावामागे कर्नल असं लिहिलं. सैन्यात एक दिवसही न काढलेला हा माणूस त्या लिफाफ्यांमुळे जन्मभर कर्नल ड्रेक राहिला. आजही पुस्तकांत तो कर्नलच आहे.

मे १८५८ मध्ये तो बायकोमुलांसह टायटसव्हिलला मुक्कामाला आला. पगार वर्षाला १,००० डॉलर. आधी त्याने माणसं लावून साधी विहीर खणून पाहिली. जरा खोल गेलं की पाणी भरायचं. मग त्याने मिठाच्या धंद्यातली रीत उचलायचं ठरवलं. आपल्याकडे मुलुंड-भांडुपच्या मिठागरांत खाडीचं पाणी उन्हात वाळवून मीठ करत. पेन्सिल्व्हेनियात समुद्र नाही, तिथे जमिनीखालचं खारं पाणी भोक पाडून वर काढत. जड लोखंडी छिन्नी दोराला बांधायची, उचलायची, सोडायची, खडकाचा चुरा झाला की बादलीने उपसायचा आणि पुन्हा ठोकायचं. काम संथ, पण खात्रीचं. अडचण एवढीच की हे काम जाणणारे कारागीर येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. तेलासाठी भोक पाडणारा माणूस त्यांना वेडा वाटत होता. १८५९ च्या वसंतात अखेर विल्यम स्मिथ नावाचा लोहार मुलाला घेऊन आला. मिठाच्या विहिरींची हत्यारं घडवण्यात तो वाकबगार होता. गाव त्याला बिलीकाका म्हणे. रोजची मजुरी अडीच डॉलर.

आता मुद्द्याची गोष्ट. ओढ्याकाठची जमीन वाळूची आणि गोट्यांची. जेमतेम सोळा फूट गेलं की भोकाच्या भिंती ढासळत आणि पाणी आत येई. जितकं उपसावं तितकं पुन्हा भरे. यावर ड्रेकला सुचलं ते असं: आधी भोक पाडायचंच नाही, आधी पाइप ठोकायचा. त्याने बिडाचे दहा-दहा फुटांचे पाइप आणवले, ओक लाकडाच्या ओंडक्याने एकावर एक ठोकत ३२ फुटांवर घट्ट खडकाला टेकवले. बाहेरची वाळू आणि पाणी बाहेर राहिलं. आतला गाळ काढला, छिन्नी पाइपाच्या आतून खाली सोडली आणि खडकात काम सुरू झालं. दिवसाला तीन फूट.

यात काय एवढं, असं वाटेल. पण घाटकोपरला किंवा अंधेरीला मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबून पाहिलं असेल, तर आठवा: आधी एक मोठा पोलादी पाइप जमिनीत जातो, त्याच्या आतून माती काढतात, मग काँक्रीट. सोसायटीत बोअरवेल मारताना वरच्या मऊ थरात केसिंग घालतात आणि काळा पाषाण लागला की थांबवतात, तेही तेच. समुद्रात आमचं पहिलं काम हेच असायचं. सुमारे ७५ मीटर पाण्याखालच्या तळात तीस इंची पाइप हातोड्याने ठोकून बसवायचा. त्याशिवाय बिटला हात लावायचा नाही. त्या पाइपाचं नाव कंडक्टर. रेल्वेच्या कंडक्टरशी या नावाचा काही संबंध नाही, पण रात्रपाळीत हातोड्याचे ठोके मोजताना मला दर वेळी ड्रेकची आठवण यायची.

ही कल्पना सर्वस्वी त्याचीच होती का? याबाबत मी भक्तिभावाने लिहिणार नाही. व्हर्जिनियात रफनर बंधूंनी मिठाच्या विहिरीसाठी १८०८ च्या सुमारासच झाडाचा पोकळ बुंधा खडकापर्यंत उतरवला होता. तेलासाठी यंत्राने पाडलेलं पहिलं भोकही ड्रेकचं नव्हे. रशियन साम्राज्यातल्या बाकूला त्याच्या दहाएक वर्षं आधी ते झालं होतं. पण लाकडी बुंध्याची खोली बुंध्याएवढीच. लोखंडी पाइपाला जोड देत देत हवं तितकं खाली जाता येतं, आणि ते टायटसव्हिलला सिद्ध झालं. माझ्या मते श्रेय द्यायला एवढं पुरे.

पैसा संपत आला होता. भागीदारांचा धीर सुटला. एकटा टाउनसेंड खिशातून पाठवत राहिला, आणि शेवटी त्यानेही अखेरची रक्कम धाडून कळवलं की देणी भागवा आणि परत या. ड्रेकने तोवर गावातल्या मित्रांच्या जामिनावर ५०० डॉलर कर्ज काढलं होतं. टपाल तेव्हा सावकाश यायचं, हे नशीब. शनिवारी, २७ ऑगस्ट १८५९ रोजी, साडेएकोणसत्तर फुटांवर छिन्नी एका फटीत सहा इंच सरकली. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून काम बंद ठेवून सगळे घरी गेले. रविवारी दुपारी बिलीकाका सहज चक्कर मारायला गेला आणि पाइपात डोकावला. पाण्यावर तेल तरंगत होतं. सोमवारी ड्रेक आला तेव्हा बिलीकाका मिळेल त्या टबात आणि पिंपात तेल भरून पहाऱ्याला बसलेला होता.

तेल बाहेर काढलं ते साध्या हातपंपाने. खोली म्हणाल तर आपल्या एखाद्या सातमजली इमारतीएवढी. पुढल्या दीड वर्षात त्या ओढ्याकाठी डेरिकांचं रान उभं राहिलं. आसामात माकुमला ११८ फुटांवर तेल लागलं ते १८६७ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ वर्षांनी. आपण आठवीत असताना, फेब्रुवारी १९७४ मध्ये, सागर सम्राटने मुंबईच्या समुद्रात तेल शोधलं. हाच रिग पुढे एक रुपयाच्या नोटेच्या मागे छापलेला आपण पाहत होतो. या सगळ्यांच्या मुळाशी ते ३२ फूट बीड आहे.

पण ड्रेक? ऑक्टोबरमध्ये बिलीकाकाच्या दिव्याने विहिरीवर आग लागली, सगळं जळालं, पुन्हा उभारलं. तोवर इतरांनी घोड्यावर टाच मारून आसपासची जमीन भाड्याने घेतली होती. बिसेल तर बातमी कळताच धावत आला. ड्रेकने जमीन घेतली नाही. पाइपाचं पेटंटही घेतलं नाही. तेलाचा भाव १८६० च्या सुरुवातीला पिंपाला २० डॉलर होता, तो १८६१ च्या अखेरीस दहा सेंटवर आला. कंपनीने त्याला मोकळं केलं. गावाने त्याला जस्टिस ऑफ द पीस केलं, शिवाय न्यूयॉर्कच्या एका पेढीसाठी तो तेल खरेदी करू लागला. १८६३ मध्ये साठवलेले पैसे घेऊन तो न्यूयॉर्कला गेला, तेलाच्या शेअरच्या व्यवहारात पडला आणि तीनेक वर्षांत सगळं घालवून बसला. ही चूक त्याची स्वतःची. त्याला कुणी लुबाडलं असं म्हणण्यात अर्थ नाही.

पेटंटचं मात्र तसं नाही. त्याच टायटसव्हिलला १८६५ मध्ये एडवर्ड रॉबर्ट्स आला. हा खराखुरा लेफ्टनंट कर्नल, यादवी युद्धात लढलेला. विहिरीच्या तळाशी स्फोट घडवून खडक फोडायचा आणि तेलाचा ओघ वाढवायचा, ही त्याची युक्ती. त्याने पेटंट घेतलं, एका स्फोटाला शंभर-दोनशे डॉलर आणि वाढीव तेलाचा पंधरावा हिस्सा मागितला. पैसे वाचवायला लोक रात्री चोरून स्फोट करत, त्यांच्यावर त्याने खटले भरले. १८८१ मध्ये तो गेला तेव्हा गावातला बडा श्रीमंत होता. पुढे १९०९ मध्ये टेक्सासच्या हॉवर्ड ह्यूजने दात असलेल्या दोन फिरत्या कोनांचं बिट काढलं. पहिल्या चाचणीत ते अकरा तासांत चौदा फूट कठीण खडक कापून गेलं. त्यानेही पेटंट घेतलं, आणि बिटं विकायची सोडून भाड्याने द्यायला लागला. त्याच्या मुलाने त्या पैशावर सिनेमे काढले आणि विमानं बनवली.

आमच्या रिगवर एक फोरमन होता. भोकात तुटून पडलेली वस्तू वर काढण्याला आम्ही फिशिंग म्हणतो. एकदा नेहमीची हत्यारं चालेनात, तेव्हा त्याने वर्कशॉपमध्ये दोन रात्री जागून एक पकड बनवली आणि मासा वर काढला. त्या पकडीचा आराखडा नंतर कार्यालयात गेला आणि दुसऱ्याच कुणाच्या नावाने परत आला. फोरमन काही बोलला नाही. त्याने आणखी दोन पकडी बनवल्या, त्याही कामाला आल्या. त्याला ड्रेकची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने एकच विचारलं, की त्या माणसाला पेन्शन तरी होती का.

होती, उशिरा. १८६० च्या दशकाच्या शेवटी ड्रेक पाठीच्या विकाराने जवळपास पंगू झाला होता, बायको शिवणकाम करून घर चालवत होती. न्यूयॉर्कच्या रस्त्यात टायटसव्हिलचा एक जुना ओळखीचा त्याला भेटला, अवस्था पाहून हादरला, आणि गावात जाऊन त्याने वर्गणी काढली. हजारो डॉलर जमले. १८७० मध्ये कुटुंब पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलेहेमला राहायला गेलं. १८७३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्याला वर्षाला १,५०० डॉलर मंजूर केले, त्याच्यामागे बायकोलाही मिळतील अशी तरतूद करून. त्याच्या कंपनीच्या पगाराच्या दीडपट. सात वर्षं त्याने ती रक्कम खुर्चीत बसून घेतली आणि नोव्हेंबर १८८० मध्ये तो वारला.

वीसएक वर्षांनी टायटसव्हिलने त्याला परत आणलं. स्टँडर्ड ऑइलमधल्या एका धनिकाने पैसे दिले, १९०१ मध्ये दफनभूमीत भव्य स्मारक उभं राहिलं, आणि त्याचे अवशेष तिथे हलवले. स्मारकाच्या मध्यभागी ब्राँझचा पुतळा आहे, पण तो ड्रेकचा नाही. गुडघा टेकून हातोडा उगारलेला, खडकात छिन्नी ठोकणारा एक अनाम कामगार आहे. पिळदार अंग, अंगावर कपडा नाही. शिल्प सुंदर आहे. पाइप मात्र मूर्तिकाराने दाखवलेला नाही.