स्वरयोगी उस्ताद अब्दुल करीम खाँ

विद्यार्थी मित्रहो, पेटीची पट्टी दाबली की गंधार वाजतो. तो गंधार खरा की खोटा, असा प्रश्न आपणास कधी पडला आहे काय? ज्यांनी हा प्रश्न जन्मभर कानात वागवला त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा परिचय येथे करून देत आहे.

उत्तर प्रदेशातील कैराना गावी 11 नोव्हेंबर 1872 रोजी गवयांच्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील काले खाँ हेच पहिले गुरू. गावाच्या नावावरून या गायकीस किराणा घराणे म्हणतात. (वाण्याच्या दुकानाशी त्याचा काही संबंध नाही!) तरुणपणी ते बडोदे दरबारी होते, पुढे मिरजेस स्थायिक झाले.

आता थोडे शास्त्र पाहू. सा पासून वरच्या सा पर्यंत एक सप्तक. त्यात शुद्ध व विकृत मिळून 12 स्वर. परंतु प्राचीन ग्रंथकारांनी श्रुती मानल्या 22. पेटीत सप्तकाचे 12 समान भाग केलेले असतात. सा ची कंपने सेकंदाला 240 धरली तर नैसर्गिक गंधार 300 कंपनांवर येतो. पेटीचा मात्र सुमारे 302.4 वर. फरक क्षुल्लक वाटेल. पण तंबोऱ्याची खर्जाची तार नीट जुळली की तिच्यातून न छेडताच एक गंधार उमटतो. तो नैसर्गिक गंधार असतो आणि पेटीच्या गंधाराशी त्याचे पटत नाही. खाँसाहेबांचे गाणे या तंबोऱ्यावर उभे होते. तंबोरे जुळवण्यात तर ते निष्णात होतेच, वाद्यदुरुस्तीही स्वतः करीत.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स हे श्रुतींची मोजदाद करीत होते. खाँसाहेबांनी त्यांना साहाय्य केले. घराण्याची चीज परक्याच्या कानी पडू नये म्हणून जपणाऱ्या गवयांचा तो काळ. अशा वेळी या उस्तादांनी आपले स्वर मोजू दिले! त्या संशोधनातून तयार झालेली श्रुतींची पेटी 1916 च्या बडोदे संगीत परिषदेत मान्य झाली नाही, ही गोष्ट वेगळी.

पालकहो, यापुढील भाग आपल्यासाठी. 1913 साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब मुलांना तेथे विद्या मिळे, राहण्याजेवण्याची सोयही होई. खर्च कोठून येई? खाँसाहेब गावोगाव जलसे करीत आणि ती मिळकत शाळेत ओतीत. शिष्य निवडताना जात-धर्म पाहिला नाही. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, बेहरेबुवा, रोशनआरा बेगम ही त्यांचीच शिष्यमंडळी. सवाई गंधर्वांकडून ही विद्या गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांना मिळाली. लहानग्या भीमसेनांनी गाण्यासाठी घर सोडले, त्यामागे खाँसाहेबांच्या झिंझोटीतील ठुमरीची तबकडी होती.

खाँसाहेब स्वतःही अखेरपर्यंत विद्यार्थीच राहिले. म्हैसूर दरबारच्या निमित्ताने त्यांनी कर्नाटक संगीत ऐकले, त्यातील सरगम आपल्या गायकीत आणली. उत्तरेकडील या उस्तादांनी त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली आहे.

1937 च्या ऑक्टोबरमध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जाताना गाडीत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळकोईल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर त्यांनी नमाज पढली, तंबोरा जुळवून घेतला व दरबारी रागात अल्लाची आळवणी केली, असे सांगतात. 27 तारखेस तेथेच त्यांचे देहावसान झाले. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. तेथे उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गवई हजेरी लावतात. त्यासाठी तिकीट नसते.